काकी आणि पट्टा

मला एका जागी बसवत नाही. डॉक्टर म्हणतात, बीपी आहे, जरा शांत बसा. नवरा म्हणतो, हिच्या पायाला भिंगरी आहे. मुलगी तर वैतागते, आई, सारखी बोटांनी टेबलावर काय वाजवत असतेस? काही वाजवत नाही गं बाई. डावा नट, उजवा नट, पाना खाली, पुढचा नग. इतकी वर्षं झाली, तरी बोळिंजच्या या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसले की माझी बोटं आपली इस्त्र्या जोडत असतात. कोणासाठी, देव जाणे.

बारावीला मी आपटले, तिथून हे सुरू झालं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडिलांनी परळची खोली विकून इथे फ्लॅट घेतला होता आणि तेव्हा बोळिंजला बिल्डिंगींपेक्षा केळीच्या वाड्या जास्त. मला करमेना. आई म्हणाली, शिवणकाम शीक. मी चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी मशीनवाल्या बाईशी भांडून परत आले. घरात बसून भिंती खायला उठत होत्या. शेवटी खालच्या मजल्यावरची एक बाई वालीवला कामाला जायची, तिच्यामागे लागले. ती म्हणाली, चल, हात चालतात ना तुझे? हात चालतात! माझं दुसरं काही चालतच नव्हतं.

वालीवला कारखान्याला कोणी कारखाना म्हणायचं नाही, गाळा म्हणायचे. वर पत्रा, पुढे शटर, मध्ये रस्ता म्हणून चिखल किंवा धूळ, महिना असेल तसं. एका गाळ्यात बालद्या, एका गाळ्यात पेनाच्या रिफिली, एकात नुसताच ठोकण्याचा आवाज. तिथे काय बनायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या गाळ्यात विजेवरच्या इस्त्र्या बनायच्या. बनवायचो आम्ही आणि खोक्यावर नाव छापलेलं असायचं मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीचं. पंधरा-सोळा बायका होतो. सुट्टी शुक्रवारी, कारण शुक्रवारी लाईट नसायची. त्यामुळे रविवारी चर्चमधली पहाटेची मिस्सा उरकून धावतपळत येणारी वसईगावची एक ख्रिस्ती मुलगी होती. ती आली की आधी देवाला आणि मग शेठला नावं ठेवायची, आणि मग खोकी बांधायला घ्यायची.

तेव्हा प्रत्येक बाई अख्खी इस्त्री बनवायची. हे आज सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. समोर सगळे भाग पसरलेले. खालचा चकचकीत तळ घ्यायचा, त्यावर मायका, म्हणजे अभ्रकाचा पातळ कागदासारखा तुकडा, ठेवायचा. त्यावर तापणारी पट्टी, म्हणजे एलिमेंट. वर परत मायका. मग लोखंडी वजन, दोन नट आवळायचे, वायरी जोडायच्या, झाकण, मूठ. झाली इस्त्री. आणि मग आमच्याकडची एक पद्धत होती, शेठच्या वडिलांपासूनची. बनवणाऱ्या बाईनेच इस्त्री तापवायची आणि स्वतःच्या रुमालावर फिरवून बघायची. रुमाल सरळ झाला, करपला नाही, शॉक बसला नाही, की नग पास. अख्ख्या वालीवमध्ये आमच्याइतके कडक रुमाल कोणाचे नसतील. नाक पुसायला जीव व्हायचा नाही.

मला शिकवायला जिच्या शेजारी बसवलं, ती काकी. माझी कोणी नव्हे. सगळा गाळाच तिला काकी म्हणायचा. नायगावच्या खाडीकडच्या गावातली, पन्नाशीला टेकलेली. आधी बापाबरोबर, मग नवऱ्याबरोबर तिने मिठागरात मीठ ओढलं होतं. नवरा गेला, आणि तिच्या पायांची अशी दशा झाली की भेगांत मीठ जाऊन रात्ररात्र झोप नाही. तेव्हा कोणीतरी तिला या गाळ्यात चिकटवलं. हाताच्या बोटांनाही तशाच भेगा, करवतीसारख्या.

पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "पोरी, हितं पंखा हाय, खुर्ची हाय, वर छप्पर हाय. आजून काय पायजे गो मान्साला?"

मला हसू आलं. पंखा असा की वारा कमी आणि कुरकुर जास्त. खुर्ची म्हणजे लोखंडी घडीची, बसलं की चिमटा काढणारी. पण काकी रोज सकाळी आली की आधी ती खुर्ची पदराने पुसायची, मग बसायची. उभ्या आयुष्यात सावलीत बसून केलेलं हे तिचं पहिलंच काम होतं. परत उन्हात, परत त्या मिठात जायचं नाही, एवढंच तिचं मागणं. ती ते बोलून दाखवायची नाही. पण शेठ जरा मोठ्याने बोलला, दुसऱ्या कोणावरही, तरी काकीचा चेहरा उतरायचा.

काम तिचं सावकाश. मायका उचलायची, त्यावर त्या फाटक्या बोटाचं टोक फिरवायची आणि चारातला एखादा बाजूला टाकून द्यायची. "ह्याला चीर हाय." मी उजेडात धरून बघायचे, मला काही दिसायचं नाही. ती म्हणायची, "डोल्यांना नाय दिसत, बोटाला लागते." तिची एकही इस्त्री कधी परत आली नाही. माझ्या यायच्या. पण तिच्या पाच व्हायच्या तोवर माझ्या आठ व्हायच्या आणि मला त्याचा कोण अभिमान! उठता-बसता मोजायचे. काकी म्हणायची, "कुठं गाडी सुटते गो तुझी?"

मग शेठचा मुलगा आला. पुण्याला इंजिनिअर होऊन आला, त्याला सगळे छोटे शेठ म्हणायला लागले. पोरगा वाईट नव्हता. बायकांशी अरेतुरे करायचा नाही, जेवणाच्या सुट्टीत आमच्यातच डबा घेऊन बसायचा. एकदा जेवताना त्याने आम्हाला मोटारीची गोष्ट सांगितली. पूर्वी म्हणे मोटार एका जागी उभी असायची आणि मिस्त्री तिच्याभोवती फिरायचे, अवजारं शोधत, एकमेकांच्या पायात येत. मग ऐंशीएक वर्षांपूर्वी अमेरिकेत एका कारखान्यात त्यांनी सगळं उलटं केलं. माणूस एका जागी, मोटार चालती. एका माणसाने एकच काम करायचं, पुढचं पुढच्याने. जिथे अख्खा दिवस जायचा, तिथे एक हिंदी पिक्चर बघण्याइतका वेळ लागायला लागला. आणि ही अक्कल त्यांना कुठून आली? खाटीकखान्यातून. तिकडे जनावर आकड्याला टांगून पुढे पुढे सरकवायचे, आणि रांगेतला प्रत्येक जण एकच तुकडा कापायचा. ते बघून मोटारवाल्यांना सुचलं, असंच उलटीकडून जोडलं तर?

वसईगावची मुलगी घास थांबवून म्हणाली, "मग शेठ, आपण खाटीक की बकरा?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. तोही हसला. काकीला गोष्ट नीट कळली नसावी, तिने मला विचारलं, "म्हंजे आपल्याला उठाया लागनार नाय ना?" मी म्हटलं, नाही गं, उलट बसूनच राहायचं. तिला बरं वाटलं.

खोटं कशाला बोलू, मला ते सगळं प्रचंड आवडलं होतं. माझ्या अंगात ज्या मुंग्या होत्या, त्यांना पहिल्यांदा कोणीतरी रस्ता दाखवत होतं. आधी महिनाभर नुसतं लांब टेबल मांडून हातोहात काम पुढे सरकवलं. मग एक दिवस टेम्पोतून पट्टा आला. हिरवा, रबरी, गाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका बंद पडलेल्या बिस्किटाच्या कारखान्यातून जुना उचलला होता. मोटर तापली की त्याला भाजलेल्या बिस्किटांचा वास सुटायचा. दुपारी बारा वाजता पोटात नुसता कालवा. पट्ट्याच्या एका बाजूला खुर्च्या लागल्या, खुर्चीच्या पाठीवर आकडे रंगवले. काकी तीन नंबर: मायका आणि एलिमेंट. मी चार नंबर: लोखंडी वजन आणि दोन नट. रुमाल फिरवायची पद्धत गेली. शेवटी एक मुलगी बसवली, ती बल्बच्या बॉक्सला इस्त्री लावून बघायची. तिचा रुमाल चुरगळलेला असायचा.

पट्टा सुरू करायच्या आधी तीन दिवस एक माणूस आला. गळ्यात घड्याळ, हातात पॅड. प्रत्येक बाईच्या मागे उभा राहायचा, घड्याळ दाबायचा, लिहायचा. आता बघा, मुंबईच्या मोठ्या कारखान्यातला कोणताही जुना कामगार अशा वेळी काय करेल? आळस देईल, पाना पाडेल, दोनदा पाणी पिऊन येईल. त्याला माहीत असतं, हे घड्याळ कशासाठी आहे ते. आम्हाला काय माहीत! आम्हाला वाटलं, पाहुणा आलाय, गाळ्याची लाज राखायची. दुसऱ्या दिवशी बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. दोघींनी गजरे माळले. एकीने त्याच्यासाठी घरून नारळाच्या वड्या आणल्या. आणि तो मागे उभा राहिला की प्रत्येक बाई अशी काही सुटायची, जणू हळदीकुंकवाला उखाण्याची पाळी आलीय!

एकटी काकी तशीच्या तशी. मायका उचल, बोट फिरव, ठेव. डबा खाताना ती माझ्या कानाशी आली. "पोरी, हलू चालव. आमच्या आगरात मालकाचा मानूस बांधावर हुबा राह्यला का सगले हलू ओढायचे. एकानं जोर केला का दुसऱ्या दिवशी सगल्यांना तेवढाच जोर लावाया लागते."

आणि मी काय म्हणाले? मी, बारावी नापास! "काकी, हे काही मीठ नाही. हे टेक्निकल आहे."

जेवणानंतर तो माझ्या मागे आला. मी अशी चालवली, अशी चालवली, की पान्याला वाफ यायची बाकी होती. त्याने घड्याळ माझ्यापुढे धरलं. अठरा सेकंद. "फर्स्ट क्लास," म्हणाला. बारावीच्या निकालानंतर मला पहिल्यांदाच कोणी फर्स्ट क्लास म्हणत होतं. घरी येऊन मी आईला सांगितलं, वडिलांना सांगितलं, जिन्यात भेटलेल्या माणसालाही सांगितलं.

पुढच्या सोमवारी पट्टा सुरू झाला, तो माझ्या वेगाने. दर अठरा सेकंदांना एक इस्त्री.

पहिल्या दिवशी संध्याकाळी बायकांनी मला शटरपाशी घेरलं. "तुझ्या हाताला काय आग लागली होती का गं?" "शायनिंग मारायची होती तर एकटीपुरती मारायचीस!" मी पण ऐकून घेणारी नव्हे. म्हटलं, गजरे माळून कोण आलं होतं? वड्या कोणी आणल्या होत्या? पण घरी जाताना टमटममध्ये त्या सगळ्या एकीकडे आणि मी एकीकडे. माझ्या शेजारी फक्त काकी बसली. ती आपली बोटं चोळत होती.

पट्ट्यावर बसल्याशिवाय पट्टा कळत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, किती छान, सगळं कसं आपोआप चाललंय! अहो, आपोआप पट्टा चालतो, माणूस नाही. बोलायला मान वळवली की नग पुढे. शिंक आली की नग पुढे. लघवीला जायचं तर हात वर करायचा, बदली बाई येईपर्यंत दम धरायचा. पट्टा फक्त तीनदा थांबायचा, जेवणाला, चहाला आणि लाईट गेली की. लाईट गेली की आम्ही अशा ओरडायचो, जशी शाळेची पोरं. पुढे कितीतरी वर्षांनी, दोन हजारच्या पुढे, मी दुसऱ्या एका ठिकाणी सुपरवायझर झाले, तेव्हा तिथल्या ट्रेनिंगमध्ये ऐकलं, की जपानात म्हणे पट्ट्याच्या वर एक दोरी असते. काही चुकलं, कोणाचं काम मागे पडलं, तर साधा कामगारही ती ओढू शकतो आणि अख्खा पट्टा थांबतो. मी त्या वर्गात ताडकन उभी राहिले आणि विचारलं, हे त्यांना कधीपासून माहीत होतं? शिकवणारा म्हणाला, खूप जुनं आहे, मॅडम. मला इतका संताप आला की मी बाहेर जाऊन पाणी प्यायले. आमच्या छोट्या शेठने मोटारीची गोष्ट सांगितली, खाटीकखान्याची सांगितली, ही दोरीची गोष्ट तेवढी राहून गेली. कदाचित त्यालाही माहीत नसेल.

घरी गेल्यावरही माझ्यातला पट्टा बंद व्हायचा नाही. कणीक मळताना मी दर ठरावीक वेळाने पोळपाट पुढे ढकलायचे. आई म्हणायची, अगं बये, पोळ्या कुठे पळून चालल्यात? पुस्तक वाचवेना, कोणाचं बोलणं पूर्ण ऐकवेना. समोरचा माणूस वाक्य संपवेपर्यंत मला वाटायचं, चल, पुढचा नग. हे अजून गेलेलं नाही, माझ्या नवऱ्याला विचारा.

आणि माझ्या डाव्या बाजूला काकी. अठरा सेकंदांत तिला मायका तपासता येईना. तपासलं नाही तर तिला ठेवता येईना. हातच पुढे जायचा नाही. भेगांत मायकाचा पापुद्रा अडकायचा, ती तो सोडवेपर्यंत रिकामा तळ तिच्यासमोरून निघून माझ्यापुढे यायचा. मग मी डावा हात लांब करून तिच्या ट्रेमधले मायका आणि एलिमेंट उचलायचे, बसवायचे आणि माझे नट आवळायचे. याला आम्ही ‘हात लावणं’ म्हणायचो. सगळ्याच बायका शेजारणीला कधीमधी हात लावायच्या, त्याशिवाय दिवस पार पडायचा नाही. पण माझं आधी दहातल्या एका नगाला होतं, मग तिनातल्या एकाला, दिवाळीनंतर तर दोनातल्या एकाला. तिचा मायका मी तपासत नव्हते. उचलायचा, टाकायचा.

मला जमत होतं, हीच तर गंमत. दोघींचं काम करून मी वर श्वास घ्यायला मोकळी. पण राग यायचा. कोणाचा ते कळायचं नाही आणि निघायचा काकीवर. एकदा भर लाईनमध्ये ओरडले, "काकी, आटप ना! काय कुरवाळत बसतेस?" काकीने घाईने पुढचा मायका उचलला. "हो गो, झालं, झालं," म्हणाली आणि हातातला मायका पट्ट्याखाली पडला. तो उचलायला ती वाकली, तोवर तीन नग गेले. मला माझीच इतकी लाज वाटली की पुढचे तीनही मीच भरले. ती दिवसभर पाणी प्यायची नाही, का तर उठावं लागू नये. उन्हाळ्यात ओठ कोरडे पडायचे, तरी नाही. डब्यात मात्र माझ्यासाठी सुक्या बोंबलाची चटणी आठवणीने आणायची. "तू हायस म्हनून माझी खुर्ची हाय गो." हे ती सगळ्यांसमोर म्हणायची. मी चटणी खायचे आणि मान खाली घालायचे. तिची खुर्ची धोक्यात आली होती कोणामुळे आणि टिकली होती कोणामुळे, ते मला चांगलं माहीत होतं.

छोटे शेठ दोन दिवस आमच्या मागे उभे राहून जात होते. तिसऱ्या दिवशी, चहाच्या सुट्टीत, बायका बाहेर टपरीकडे गेल्या. मी पट्ट्याच्या टोकाशी पाना पुसत होते. ते आले आणि म्हणाले, "मी बघतोय, तीन नंबरचं निम्मं काम तूच करतेस."

मी म्हटलं, कधीमधी.

"कधीमधी नाही. दोन्ही स्टेशनं तू एकटी करू शकतेस. तसं झालं तर ती खुर्ची काढून लाईन जरा आखूड करता येईल. तुला जमेल का?"

आता माझा स्वभाव सांगते. ‘जमेल का’ असं कोणी विचारलं की माझ्या तोंडून नाही निघतच नाही. लहानपणापासून. झाडावर चढायला जमेल का, हो. वाडीतल्या विहिरीत उडी, हो. पोहता येत नव्हतं तरी हो. पण हे सगळं नंतर रचलेलं झालं. त्या वेळी मला नीट कळलं होतं, खुर्ची काढायची म्हणजे कोणाची. मी तो प्रश्न पूर्ण ऐकला होता. आणि मी म्हणाले, "हो. जमेल."

ते म्हणाले, गुड. आणि गेले.

गुरुवारी संध्याकाळी काकीला ऑफिसात बोलावलं. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी आले तर तीन नंबर खुर्ची नव्हती, माझी खुर्ची डावीकडे सरकवलेली आणि तिच्या दोन्ही बाजूंना ट्रे. काकीला मागच्या बाजूला टेम्पोत खोकी चढवायला दिलं होतं. उन्हात. चार दिवस तिने चढवली. पाचव्या दिवशी कमरेला हात लावून माझ्यापाशी आली. पट्टा चालू होता, मी मान वर करू शकत नव्हते. "येते गो," म्हणाली. मी म्हटलं, "हो." तेही न बघता.

बायकांनी छोट्या शेठला काय काय शिव्या घातल्या! मी सगळ्यांत जास्त घातल्या. घरी सांगितलं, शेजारी सांगितलं, कसली माणसं असतात बघा, म्हाताऱ्या बाईची खुर्ची काढून घेतली. सांगता सांगता मला ते खरंच वाटायला लागायचं. त्या वर्षी परत आलेल्या इस्त्र्यांचा मागच्या खोलीत ढीग लागला. छोटे शेठ एकेक उघडून बघायचे आणि म्हणायचे, मायकाच्या मालातच काहीतरी गडबड आहे. मी नट आवळत राहायचे.

पण मला बसवेना. म्हणजे तसं मला कधीच बसवत नाही, पण हे वेगळं. पावसाळा गेला, मिठाचा हंगाम सुरू झाला आणि कोणीतरी सांगितलं, काकी परत मिठागरात जाते. मग प्रत्येक शुक्रवारी मी ठरवायचे, जाऊ या. आणि प्रत्येक शुक्रवारी कपडे भिजवायचे, डबे घासायचे, कपाट आवरायचे, परत विस्कटून परत आवरायचे. शेवटी मार्चातल्या एका शुक्रवारी पोळ्या अर्ध्यावर टाकून निघाले. नायगावला उतरले, विचारत विचारत खाडीकडे गेले. बांधावरून चालताना उन्हाने डोळे उघडेनात; सगळीकडे पांढरं.

काकी मिठाच्या एका चौकोनात उभी होती. पाय अनवाणी, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला फडकं. लांब दांड्याची लाकडी फळी घेऊन मीठ काठाकडे ओढत होती. मला बघून थांबली. तिला आनंद झाला हो, खरंच झाला. "आलीस? येवढ्या उनाची? जेवलीस का?"

मी म्हटलं, जेवले. जेवले नव्हते. येताना सगळं पाठ केलं होतं, काकी, मला तुला एक सांगायचंय, असं सुरू करायचं. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "छोट्या शेठने फार वाईट केलं गं तुझ्याबरोबर."

काकीने फळी एकदा ओढली. दुसऱ्यांदा ओढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "च्याची टाईम होती. मी तितंच होते, पट्ट्यामागं, डबा धुवत. पट्टा बंद आसला का सगलं आयकू येते."

मी बांधावर खाली बसले. किती वेळ बसले होते कोण जाणे, पण तेव्हा मी खरंच बसले होते, अंगातलं काहीही हलत नव्हतं. काकी पाण्यातून वर आली, माझा उजवा हात ओढून घेतला आणि उलटा करून बघितला. अंगठ्याच्या मुळाशी पान्याने धरलेला गोळा होता, तो तिने दाबला. मी कळवळले.

"सुजलाच हाय," ती म्हणाली. "तवापन सुजायला लागलेला. मला का दिसत नव्हता? मी त्याच आठवड्यात शेठला सांगनार होते, मला काढा, पोरगी मरते माझ्यापायी. मी जानारच होते गो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? त्याने तुला इचारलं तवा मी हात थांबवून आयकत होते. वाटलं, ही ‘नाय’ बोलंल." तिने माझा हात सोडला. "येकदा ‘नाय’ बोल्ली आसतीस तर मी हासत गेले आसते."

मी रडायला लागले. मोठ्याने, लहान पोरासारखी. काकीने मला उगी केलं नाही आणि रागावलीही नाही. डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं, माझ्या डोक्यावर टाकलं आणि उघड्या डोक्याने परत मिठात उतरली.

"घरी जा आता," फळी उचलत ती म्हणाली. "ऊन लागंल तुला."